ना फाशी, ना माफी

पुणे, २८ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. श्री. अमित शहा,
केंद्रीय गृहमंत्री, भारत सरकार,
नवी दिल्ली

महोदय,

सर्वोच्च न्यायालयात २४ सप्टेंबरला जे घडले ते आपल्या कानावर आले असेलच. बलवंतसिंग राजोआना याचा गुन्हा इतका गंभीर आहे असे सरकारचे म्हणणे असेल, तर त्याला आजवर फाशी का दिली नाही, याचा दोष कुणाचा, आम्ही तर फाशीला स्थगिती दिलेली नाही, अशा अर्थाचे प्रश्न न्यायमूर्तींनी आपल्या वकिलांना विचारले. बातमी वाचून काहींना वाटले की न्यायालयाला फाशीची घाई झाली आहे. मला तसे वाटले नाही. पाच वर्षे तेच तेच विचारून कंटाळलेल्या माणसाचा तो प्रश्न होता. पुढची तारीख १५ ऑक्टोबर आहे, आणि सरकारच्या विनंतीवरून ती आता पुढे ढकलणार नाही असेही न्यायालयाने बजावले आहे. त्या तारखेच्या आत हे पत्र आपल्यापर्यंत पोचावे म्हणून घाईने लिहायला बसलो.

मी कुठल्या पक्षाचा नाही, वकील नाही, पंजाबात माझे कुणी नाही. पुण्यात राहणारा, कर भरणारा आणि मत देणारा माणूस आहे. फाशीची शिक्षा असू नये असे माझे मत आहे, पण ते आपल्या गळी उतरवण्यासाठी हे पत्र नाही. राजोआनाबद्दल मला कळवळाही नाही. ३१ ऑगस्ट १९९५ रोजी चंदीगडच्या सचिवालयाबाहेर झालेल्या स्फोटात पंजाबचे मुख्यमंत्री बेअंतसिंग आणि त्यांच्याबरोबर आणखी सोळा माणसे मेली. अंगावर बॉम्ब बांधून गेलेला दिलावरसिंग पंजाब पोलिसांतला शिपाई होता. त्याचा बेत फसला तर पुढे व्हायचे म्हणून ज्याला तयार ठेवले होते, तो राजोआना. तोही पोलीस शिपाईच. लोकांचे रक्षण करण्याचा पगार घेणाऱ्या दोघांनी हे केले, ही गोष्ट मी एका क्षणासाठीही बाजूला ठेवत नाही.

राजोआनाने गुन्हा नाकारला नाही. स्वतःचा बचाव केला नाही, वकील घेतला नाही, या न्यायव्यवस्थेवर माझा विश्वास नाही असे सांगितले आणि फाशीच द्या असा धोशा लावला. २००७ मध्ये विशेष न्यायालयाने ती सुनावली. त्याच्याबरोबर जगतारसिंग हवारालाही फाशीची शिक्षा झाली होती. हवारा उच्च न्यायालयात लढला आणि २०१० मध्ये त्याची शिक्षा जन्मठेपेवर आली. राजोआना लढला नाही, त्याची फाशी कायम झाली. तो सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेला नाही. राष्ट्रपतींकडे दयेचा अर्जही त्याने स्वतः केला नाही. फाशी चुकवण्यासाठी कैदी जे जे करतात, त्यातले काहीही न करणारा हा कैदी अठरा वर्षे फाशीचा कैदी म्हणून बसला आहे. हे कसे घडले?

आरोपीच फाशी मागू लागला की राज्याची पंचाईत होते, हे मला कळते. दिली तर त्याला हवे तेच दिल्यासारखे होते, वर हुतात्मा तयार होतो. नाही दिली तर सरकार घाबरले असे लोक म्हणतात. पण ही पंचाईत या देशात पहिल्यांदा आलेली नाही, आणि आम्हा पुणेकरांना तर मुळीच नवी नाही.

१० ऑगस्ट १९८६ रोजी माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांना पुण्याच्या कॅम्पात भर रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या. हरजिंदरसिंग जिंदा आणि सुखदेवसिंग सुखा या दोघांनी न्यायालयात गुन्हा अभिमानाने कबूल केला आणि दयेचा अर्ज करायला नकार दिला. आरोपींनी कबुली दिली म्हणून पुण्याच्या विशेष न्यायालयाने काम आटोपते घेतले नाही. साक्षीपुरावा रीतसर नोंदवला आणि मगच १९८९ मध्ये शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९२ मध्ये ती कायम केली. सिमरनजितसिंग मान त्या दोघांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा त्रयस्थाला असा अधिकार नाही असे न्यायालयाने सांगितले. ९ ऑक्टोबर १९९२ च्या पहाटे येरवड्यात दोघांना फाशी झाली. ती बरोबर होती की चूक, यावर मी आजही वाद घालीन. पण खुनापासून फाशीपर्यंत सहा वर्षे लागली, आणि त्या सहा वर्षांत राज्याने आपले उत्तर दिले.

दुसरे उदाहरण तर आपण स्वतः भाषणांतून कितीदा तरी दिले असेल. जुलै २००९ मध्ये आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात मुंबई हल्ल्यातला कसाब अचानक उभा राहिला आणि गुन्हा कबूल करून मोकळा झाला. फाशी टाळण्यासाठी मी हे करतो आहे असे कुणाला वाटत असेल तर मला फासावर चढवा, असेही तो म्हणाला. सगळा देश टीव्हीसमोर बसून हेच म्हणत होता, द्या याला. न्यायाधीश तहलियानी यांनी खटला थांबवला नाही. कबुली नोंदवून घेतली आणि साक्षी पुढे चालू ठेवल्या. डिसेंबरात कसाबने शब्द फिरवला, तेव्हा त्या सावधपणाची किंमत सगळ्यांना कळली.

या दोन्ही गोष्टी आपल्यापुढे मांडण्याचे कारण एकच. कैदी काय मागतो त्यावर राज्याचे कर्तव्य ठरत नाही, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी पाळले आहे. म्हणूनच फाशीच्या शिक्षेवर उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब लागते. कैद्याने अपील केले नाही तरी लागते, त्याने हात जोडून मला लटकवा म्हटले तरी लागते. मग हेच तत्त्व गृह मंत्रालयाच्या दारात का अडते? राजोआनाने स्वतः दया मागितलेली नाही, हा आपल्या मंत्रालयाचा एक आवडता मुद्दा आहे. एका कैद्याच्या ताठ्याआड भारत सरकारने लपावे, हे आपल्याला शोभते का?

आता २०१२ कडे येतो. चंदीगडच्या न्यायालयाने ३१ मार्च ही फाशीची तारीख ठरवली. पतियाळाच्या तुरुंगाधिकाऱ्यांनी वॉरंट परत पाठवले. पंजाबात बंद झाला. अकाल तख्ताने राजोआनाला जिवंत हुतात्मा ठरवले. मुख्यमंत्री प्रकाशसिंग बादल राष्ट्रपतींना भेटायला दिल्लीला गेले. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने त्याच्या वतीने दयेचा अर्ज केला, आणि तीन दिवस उरले असताना, २८ मार्चला, केंद्रीय गृह मंत्रालयाने फाशी थांबवली. दुसऱ्या दिवशी गुरदासपूरला पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मेला, त्याची आठवण आता कुणी काढत नाही.

तेव्हा केंद्रात आपण नव्हता, हे खरे. काँग्रेसच्या मुख्यमंत्र्याच्या खुनात शिक्षा झालेल्या माणसाची फाशी काँग्रेसच्याच नेतृत्वाखालच्या सरकारने थांबवली होती. राष्ट्रपतिपदावर आमच्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील होत्या, आणि काही महिन्यांनी गृहमंत्रिपदावर सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे आले. त्यामुळे सगळे खापर आपल्याच डोक्यावर फोडणे महाराष्ट्रातल्या माणसाला जमणार नाही. मात्र शिंदे यांच्याच काळात कसाबचा दयेचा अर्ज ५ नोव्हेंबर २०१२ रोजी फेटाळला गेला आणि २१ नोव्हेंबरला येरवड्यात त्याला फाशी झाली. ९ फेब्रुवारी २०१३ रोजी तिहारमध्ये अफजल गुरूला झाली. आपल्या पक्षाचे सरकार आल्यावर ३० जुलै २०१५ च्या सकाळी नागपुरात याकूब मेमनला झाली. आदल्या रात्री त्याचा शेवटचा अर्ज राष्ट्रपतींनी फेटाळला आणि सर्वोच्च न्यायालयाने पहाटे तीनच्या सुमाराला दार उघडून सुनावणी केली. मनात आणले की ही व्यवस्था एका रात्रीत चालते, हे साऱ्या देशाने पाहिले आहे. राजोआनाचे घोंगडे मात्र २०१२ पासून भिजत पडले आहे. तेरा वर्षे झाली, आणि त्यातली सहा आपल्या स्वतःच्या कारकिर्दीतली आहेत.

या सहा वर्षांविषयी मला मुख्यतः विचारायचे आहे. आपण मे २०१९ मध्ये गृहमंत्री झालात. सप्टेंबरात आपल्या मंत्रालयाने पंजाबच्या मुख्य सचिवांना पत्र पाठवले. गुरू नानकांच्या साडेपाचशेव्या प्रकाशपर्वानिमित्त आठ शीख कैद्यांना शिक्षेत विशेष सूट द्यायची आणि एका कैद्याची फाशी संविधानाच्या ७२ व्या अनुच्छेदाखाली जन्मठेपेवर आणायची, असा तो प्रस्ताव होता. तो एक कैदी म्हणजे राजोआना. बातम्या झाल्या. पंजाबात कुणी पेढे वाटले, कुणी संतापले. नोव्हेंबरात प्रकाशपर्व झाले. ३ डिसेंबरला लोकसभेत बेअंतसिंगांचे नातू आणि तेव्हाचे काँग्रेसचे खासदार रवनीतसिंग बिट्टू यांनी आपल्याला जाब विचारला, तेव्हा आपण सांगितलेत की माध्यमांतल्या बातम्यांवर जाऊ नका, कुणालाही माफी दिलेली नाही.

तांत्रिकदृष्ट्या आपण खरे बोललात. माफी दिलेली नव्हतीच, प्रस्ताव होता, आणि तो राष्ट्रपतींकडे पाठवलाही गेला नव्हता. पण मग सप्टेंबरातले ते पत्र काय होते? देशाचे गृह मंत्रालय एका राज्याच्या मुख्य सचिवांना लेखी कळवते, त्याला किंमत किती धरायची? आपला विचार बदलला असेल तर तसे सांगायला हवे होते. बदलला नसेल तर प्रस्ताव पुढे जायला हवा होता. आपण दोन्हीपैकी काही केले नाहीत. गुरुपर्वाच्या तोंडावर शीख समाजाला एक आशा दाखवली आणि संसदेत दुसऱ्यांना दुसरे आश्वासन दिले. आमच्याकडे याला कात्रजचा घाट दाखवणे म्हणतात. आपण तो एकाच वेळी दोन्ही बाजूंना दाखवलात.

बिट्टू पुढे आपल्या पक्षात आले आणि आज ते केंद्रात राज्यमंत्री आहेत. ज्या घरातला माणूस मारला गेला त्या घरातला नातू सरकारात बसतो, आणि ज्याने मारले त्याच्यासाठी अर्ज करणारी समिती सरकारच्या दारात बसते. दोघांनाही आपण चहा पाजता, उत्तर कुणालाच देत नाही. बिट्टूंना निदान विचारायला जागा तरी आहे. त्या स्फोटात मेलेल्या बाकीच्या माणसांच्या घरच्यांनी कुणाला विचारायचे?

न्यायालयातला हिशेब तर सरकारी नोंदींतच आहे. २०२० मध्ये राजोआना स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेला. इतका विलंब झाला आहे, आता शिक्षा कमी करा, असे त्याचे म्हणणे होते. महोदय, इथे थोडे थांबून विचार करावा. या न्यायालयांना मी मानत नाही, मला फाशीच द्या, असे वर्षानुवर्षे म्हणणारा माणूस न्यायालयाच्या पायरीवर आला. त्याला तिथे कुणाच्या युक्तिवादाने आणले नाही, तुरुंगात कुणी त्याचे मन वळवले नाही. आपल्या मंत्रालयाच्या गप्प बसण्याने त्याला आणले. आणि तो आला तेव्हा त्याच्या हाती पडल्या त्या तारखा. डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने विचारले, प्रस्ताव राष्ट्रपतींकडे अजून का पाठवला नाही. जानेवारी २०२१ मध्ये सुचवले की २६ जानेवारीच्या आत निर्णय घ्या. आपल्या वकिलांनी आणखी काही आठवडे मागून घेतले. मे २०२२ मध्ये दोन महिन्यांची मुदत झाली. तीही गेली.

३ मे २०२३ रोजी न्यायालयाने शिक्षा कमी करायला नकार दिला. निर्णय लांबणीवर टाकणे हाही तूर्त दया नाकारण्याचाच निर्णय आहे असे मानून, योग्य वेळी सक्षम अधिकाऱ्यांनी काय ते ठरवावे, असे सांगून प्रकरण पुन्हा आपल्या हवाली केले. न्यायालयाविषयी आदर ठेवून म्हणतो, त्या दिवशी आपल्या मंत्रालयाला जे मिळाले त्याहून सोयीचे काही मिळणे शक्य नव्हते. योग्य वेळ कोणती, हे ठरवायचेही आपणच! १८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने राष्ट्रपतींच्या सचिवांना सांगितले की हे प्रकरण राष्ट्रपतींपुढे ठेवा आणि दोन आठवड्यांत विचार व्हावा अशी विनंती करा. त्याच दिवशी सॉलिसिटर जनरल धावत गेले. फाईल राष्ट्रपतींकडे नाहीच, ती गृह मंत्रालयात आहे, विषय संवेदनशील आहे, असे त्यांनी सांगितले आणि तो आदेश थांबवला गेला. दोन गोष्टी त्यातून कळल्या. फाईल कुठे आहे हे आपल्याला पक्के ठाऊक आहे, आणि ती तिथून हलू नये यासाठी मात्र आपली यंत्रणा एका दिवसात हलू शकते.

सरकारतर्फे जी कारणे सांगितली जातात ती मी लक्षपूर्वक वाचली आहेत. सहआरोपींची अपिले सर्वोच्च न्यायालयात पडून आहेत, असे एक कारण. पण राजोआनाने अपील केलेलेच नाही. त्याच्यापुरता खटला कधीच संपला आहे, आणि हवाराच्या अपिलात काहीही ठरले तरी राजोआनाने दिलेली कबुली कुठे जाणार? शिवाय हे कारण खरे असेल तर २०१९ मध्ये आपण प्रस्ताव कसा काय मांडलात? तेव्हाही ती अपिले तिथेच होती. कायदा-सुव्यवस्थेचे कारण दुसरे. फाशी दिली तर पंजाब पेटेल, शिक्षा कमी केली तर दुसरीकडून आग लागेल, म्हणून काहीच करायचे नाही. ही भीती खरी असू शकते. ती असेल तर कागदावर लिहा, त्यावर सही करा आणि तिच्या आधारे निर्णय द्या. संविधानाने दयेचा अधिकार राजकारणाच्या आणि समाजाच्या अशाच अवघड वळणांसाठी ठेवला आहे, फक्त निष्पाप माणसाला सोडवण्यासाठी नाही.

उरले ते त्रयस्थाच्या अर्जाचे कारण. कैद्याने स्वतः मागितले नाही, दुसऱ्या कुणीतरी मागितले, असे आपले म्हणणे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये नव्या फौजदारी कायद्यांवर बोलताना आपण लोकसभेत तेच सांगितलेत, आणि ज्याला पश्चात्ताप नाही त्याला दयेचा हक्क नाही अशीही भूमिका मांडलीत. ठीक. मग २०१२ साली ज्या अर्जाच्या आधारे भारत सरकारने फाशी थांबवली, तो हाच अर्ज ना? थांबवण्यापुरता तो ग्राह्य आणि निकाल देण्यापुरता अग्राह्य, असे कसे? ग्राह्य नसेल तर फेटाळा, तेवढेही आपण केलेले नाही. त्याच डिसेंबर महिन्यात राजोआना पतियाळाच्या तुरुंगात उपोषणाला बसला होता. त्याची मागणी काय होती, आठवते का? समितीने माझ्यासाठी केलेला अर्ज मागे घ्यावा. ज्याच्यासाठी अर्ज तो म्हणतो काढून घ्या, ज्यांच्याकडे अर्ज ते म्हणतात हा अर्ज चालतच नाही, आणि तरी अर्ज पडून आहे.

आपल्याच मंत्रालयाने आणलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू आहे, दयेच्या अर्जांसाठी ४७२ वे कलम आहे. कैद्याने किंवा त्याच्या नातलगांनी तीस दिवसांत अर्ज करायचा. राज्याचे म्हणणे आल्यावर केंद्राच्या गृह विभागाने साठ दिवसांत राष्ट्रपतींकडे शिफारस पाठवायची. राष्ट्रपतींचा निर्णय झाला की अठ्ठेचाळीस तासांत तो तुरुंगापर्यंत पोचवायचा. राजोआनाचा अर्ज या कायद्याच्या आधीचा आहे हे मला माहीत आहे. पण साठ दिवस पुरेसे आहेत असे ज्या मंत्र्याने संसदेला पटवून दिले, त्याच्याच कपाटात एक फाईल सहा वर्षे पडून राहते, हे संसदेत कुणी विचारले तर आपण काय सांगाल?

विलंबाने काय होते, हे महाराष्ट्राला शिकवायची गरज नाही. लहान मुलांना पळवून मारणाऱ्या कोल्हापूरच्या दोन बहिणींचा दयेचा अर्ज निकाली काढायला सरकारी यंत्रणेने जवळपास आठ वर्षे घेतली, आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला त्यांची फाशी रद्द करून जन्मठेप द्यावी लागली. पुण्यात २००७ साली रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीवर कंपनीच्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने अत्याचार करून तिला मारले. त्या दोघांची फाशीही कागद वेळेत न हलल्यामुळे २०१९ मध्ये ३५ वर्षांच्या कैदेवर आली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. त्याच निकालात न्यायालयाने राज्यांना सांगितले की दयेच्या अर्जांसाठी गृह खात्यात वेगळा कक्ष उघडा. फाशीच्या विरोधात असलेल्या माझ्यासारख्यालाही या दोन निकालांचा आनंद झाला नाही. कुणी विचारपूर्वक दया दाखवली असती तर झाला असता. इथे कारकुनी ढिलाईने शिक्षा बदलली, आणि मेलेल्या मुलांच्या आईबापांना कुणी दोन शब्द समजावून सांगितले नाहीत. अक्षम्य विलंब झाला तर फाशी रद्द होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान खटल्यात स्पष्ट केले आहे. आपले कायदा सल्लागार हे जाणतातच. मग माझ्यासारख्याच्या मनात शंका येते. कुणाची नाराजी अंगावर न घेता, न्यायालयानेच शेवटी विलंबाच्या कारणाने काय ते उरकून टाकावे, याची तर आपण वाट पाहत नाही ना?

पंजाबात अनेकांना राजोआना गुन्हेगार वाटत नाही, याचेही कारण आपल्या मंत्रालयाला ठाऊक आहे. बेअंतसिंगांच्या खुनानंतर आठवडाही झाला नव्हता, तेव्हा अमृतसरमध्ये जसवंतसिंग खालरा यांना पोलिसांनी उचलून नेले. गुपचूप जाळलेल्या बेवारस प्रेतांचा हिशेब ते स्मशानांच्या नोंदवह्यांतून काढत होते. पुढे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगापुढे एकट्या अमृतसर भागातल्या २,०९७ अंत्यसंस्कारांचा विषय आला. एका खुनासाठी फाशी आणि हजारोंसाठी वर्षानुवर्षांच्या सुनावण्या, हा हिशेब पंजाबातल्या घराघरांत मांडला जातो. मी त्यावरून सतरा माणसांच्या खुनाला सूट देत नाही. पण पंजाबला न्यायाचा एखादा शब्द स्वच्छ, वेळेत आणि लेखी मिळावा, याची निकड यातून आपल्याला कळायला हवी होती. आपण त्यांना तिथेही ताटकळतच ठेवलेत.

निर्णय राष्ट्रपतींचा असतो असे सांगून हात झटकता येतील, पण राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, आणि हा सल्ला आपल्या टेबलावरून जातो. राजोआनाला फाशी द्या असे मी म्हणत नाही. माझे मत विचाराल तर ती देऊ नये. त्याला फाशी हवी आहे म्हणून देऊ नये, असेही मी म्हणणार नाही, कारण त्याला काय हवे आहे याच्याशी मला कर्तव्य नाही. मला कर्तव्य आहे ते याच्याशी, की २००७ साली न्यायालयाने त्याला फाशी सुनावली होती, आणि तो भोगतो आहे ती शिक्षा दुसरीच आहे. रोज सकाळी वॉरंट येईल की सुटकेचा कागद, हे न कळता अठरा वर्षे काढायची, अशी शिक्षा कुठल्याही न्यायाधीशाने सुनावलेली नाही. ती ठोठावण्याचा अधिकार आपल्या मंत्रालयाला कुणी दिला?

१५ ऑक्टोबरला आपले वकील पुन्हा उभे राहतील. त्याआधी मला, आणि माझ्यापेक्षाही त्या सतरा घरांना, एवढेच कळवावे: २०१९ चा प्रस्ताव अजून जिवंत आहे की मागे घेतला? मागे घेतला असेल तर कोणत्या तारखेला, कुणाच्या सहीने? समितीचा अर्ज आपण अर्ज मानता की नाही? राष्ट्रपतींना काय सल्ला दिला हे विचारण्याचा मला अधिकार नाही, आणि मी ते विचारतही नाही. सल्ला दिला की नाही, आणि दिला नसेल तर तो कधी देणार, ती तारीख सांगावी.

आपला,
एक नागरिक